पेटी केनवडला, मोटार मेडशीला

मेडशी, चैत्र शुद्ध ५, शके १८६०

आज गोठ्याच्या पडवीतली मोटार उघडी केली. वर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या होत्या, त्या बाजूला केल्या, ताडपत्री ओढली, तर आतून एक कोंबडी रागारागानं बाहेर आली. मागच्या सीटवर तिची अंडी होती. गोजरा म्हणाली, "चला, मोटारीनं कोनाचं तरी भलं केलं बापा."

दैनंदिनीत माणसांची ओळख करून द्यायची रीत नसते, पण मी स्वतःच लिहिलेलं विसरून पुन्हा नव्यानं वाचणारा माणूस आहे, म्हणून लिहून ठेवतो. मी जगदेव. गोजरा माझी बायको. आम्हाला मूल नाही. माझ्या धाकट्या भावाची, दौलतची, मुलगी तुळसा आमच्याच मांडीवर वाढली. तिला भात कमी आणि मोटारीचा भोंगा जास्त आवडायचा. तिला मी शब्द दिला होता की तुला बैलांच्या दमणीतून नाही, मोटारीतून सासरी पाठवीन.

मग वाटण्या झाल्या. शेत वाटलं, बैल वाटले, पितळेची भांडी वाटली, शेवटी मोटार उरली. मी म्हणालो, मोटार माझी. दौलत म्हणाला, मंग हत्यारायची पेटी माह्यी. पंचांना भूक लागली होती, त्यांनी मान डोलावली. तो पेटी घेऊन सासऱ्याच्या गावी केनवडला राहायला गेला. तेव्हापासून मोटार मेडशीला आणि तिचे बोल्ट आवळायचे पाने केनवडला. आम्ही एकमेकांशी बोलत नाही. चूक कोणाची हे सांगायला नकोच. पेटीवर अडून बसणं हा पोरकटपणाच नाही का?

परवा फुलसिंग सरकीची गाडी घेऊन आला. दर आठवड्याला त्याचा केनवडचा बाजार असतो. सहज बोलून गेला की तुळसाचं लग्न ठरलं, वैशाख शुद्ध दशमीला.

सख्ख्या भावाला लग्नाची अक्षत द्यायला स्वतः घरी यावं लागतं. दौलत येणार नाही, हे मी जाणतो. अक्षतीशिवाय मी मंडपात पाय ठेवणार नाही, हे तो जाणतो. पण मोटार दारापर्यंत पोचवायला अक्षत कशाला लागते?

चैत्र शुद्ध ९

देवळात रामजन्म करून आलो आणि इंजिनाचं हेड उघडलं. हेड म्हणजे इंजिनावरचं जाड लोखंडी झाकण. ते बोल्टांनी खाली आवळलेलं असतं. खालचं लोखंड आणि वरचं लोखंड यांच्यामध्ये तांब्याची पातळ पत्री असते, तिला गॅस्केट म्हणतात. आतली आग आतच ठेवायची आणि पाणी पाण्याच्या जागी ठेवायचं, एवढं तिचं काम.

जवळच्या मालेगावच्या कापसाच्या जिनिंगमधून पाना मागून आणला आहे. तो जरा मोठा पडतो, म्हणून त्याच्या जबड्यात चिंधी भरली. बोल्ट कुरकुरत निघाले. आत काजळीच काजळी. खरवडून खरवडून हात असे झाले की गोजरानं पाण्याचा तांब्या दुरूनच सरकवला. जुनी पत्री उचलली तर पापडासारखी तुटली.

पूर्वी मोटार मी चालवायचो आणि दौलत ऐकायचा. बाजूला बसून डोळे मिटून म्हणायचा, "दादा, दुसरं घर खोकलून राह्यलं." घर म्हणजे इंजिनातलं सिलिंडर. मग गाडी थांबवून पेटी उघडायचा. पेटीत काय काय होतं हे मी कधी पाहिलं नाही. त्याची आठवण येते असं नाही, फक्त हेड उघडल्यावर आठवलं.

फुलसिंगला सांगितलं, अकोल्याहून नवी पत्री आण. नमुन्याला जुन्या पत्रीचे तुकडे दिले.

दुपारी पडवीतच बाजेवर डोळा लागला. स्वप्नात मोटार नदीवरून चालली होती. पुलावरून नव्हे, पाण्यावरून, आणि चाकांचा आवाज नव्हता. मागच्या सीटवर कोणीतरी गुणगुणत होतं. मी वळून पाहत नव्हतो, कारण पाहिलं तर मोटार बुडेल असं मला पक्कं ठाऊक होतं. जागा झालो तेव्हा निंबाचा मोहर तोंडावर पडला होता.

चैत्र शुद्ध १३

पत्री आली! अकोल्याला गाडीनं जाऊन यायचं म्हणजे किती मुक्काम, आणि फुलसिंग आज हजर. मी म्हणालो, "इतक्यात अकोला करून आला तू?"

"बैल चांगले हायत पाटील," तो म्हणाला आणि चिलीम शोधायला लागला.

पत्री अगदी बरोबर मापाची आहे. हळदीचे डाग पडलेल्या जुन्या फडक्यात गुंडाळलेली होती. अकोल्याच्या दुकानदारांना कागद महाग झालेला दिसतो. गोजरानं ते फडकं धुवायला टाकलं नाही, घडी करून ठेवलं. बायकांना चिंधीचासुद्धा लोभ असतो.

चैत्र वद्य ३

आज मुहूर्त पाहून हेड बसवलं. गोजरानं बोनेटला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मी मनात ठरवलं होतं की काम रीतसर करायचं. देवाला प्रदक्षिणा घालतो तसा उजव्या हाताच्या कोपऱ्यातल्या बोल्टापासून निघालो आणि एकेक बोल्ट आवळत फेरा पूर्ण केला. प्रत्येक बोल्ट अंगातलं सगळं बळ लावून पुरता घट्ट केला, मगच पुढच्याकडे वळलो. मध्येच डावीकडचा बोल्ट घ्यायचा म्हणजे उलटा फेरा होतो, म्हणून तसं काही केलं नाही. शेवटच्या बोल्टाला तर पाय टेकवून ओढलं. मला वाटलं, आता हे हेड प्रलयातही हलणार नाही.

पाणी भरलं, हँडल मारलं. बऱ्याच झटक्यांनंतर मोटार सुरू झाली. पडवी हादरली, बैल दावं तोडायला निघाले, कोंबडी ओरडली. तो आवाज ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लिहायला लाज कसली, आलं.

आणि मग फुस्स आवाज यायला लागला. सुरुवातीला बारीक, मग मोठा. जिथून मी आवळायला सुरुवात केली होती त्याच्या समोरच्या अंगाला हेडखालून वाफ निघत होती. बंद करून तेल पाहिलं तर ताकासारखं पांढरं. पाणी आत शिरलं होतं. हेड पुन्हा उघडलं. पत्री एका अंगाला चेपून कागद झालेली, दुसऱ्या अंगाला फुगलेली.

गोजरा नारळाचं खोबरं वाटून आली. मला तिथंच मातीत बसून राहावंसं वाटलं आणि मी बराच वेळ बसलो.

चैत्र वद्य ६

फुलसिंग आला. मी त्याला काही सांगायच्या आधीच त्यानं इंजिनाकडे पाहिलं आणि विचारलं, "कोन्या अंगानं वाफ आली पाटील?"

मी दाखवलं. त्यानं बोट ठेवून जागा ध्यानात घेतली. सरकी विकणाऱ्याला वाफेची इतकी चौकशी कशाला, पण माणूस चौकस आहे खरा. मी म्हणालो, आणखी एक पत्री लागेल, पण आता अकोल्याहून वेळेत कशी येणार?

"येते ना. त्यायनं दोन आनून ठेवल्या होत्या."

"कोनं?"

"दुकानदारानं," फुलसिंग म्हणाला आणि बैलांना उगाचच हाकारलं.

चैत्र वद्य ९

दुसरी पत्री आली. पण माझा हात धजत नाही. ही बिघडली तर तिसरी नाही. दशमी जवळ येत आहे. अक्षत आलेली नाही.

जेवताना गोजरा म्हणाली, "आयकता का, एक बोल्ट पुरा आवळून मंग पुढं जाऊ नाई म्हंतेत. मधातून निघाव, इकडचा एक, समोरचा एक, असं करत भायेर जाव. अन् एका दमात नाई, थोडं थोडं, फिरून फिरून."

"कोन म्हंते?"

"लोक म्हंतेत."

"कोनते लोक? मेडशीत मोटार एक, ते आपली."

"भाकर घ्या अजून," ती म्हणाली.

मला हसू आलं. बोल्ट म्हणजे काय हिला पापड लाटणं वाटतं, की इकडचा एक आणि समोरचा एक. उलटसुलट आवळायचं म्हणजे देवाला आधी अर्धी उजवी आणि मग अर्धी डावी प्रदक्षिणा घालायची. मी तिला तसं म्हणालो. ती म्हणाली, "मोटार काई देव नाई." तेही खरं.

ती लग्नाची तयारी करते आहे असा मला संशय आहे. पेटाऱ्यातून हिरवं लुगडं काढून उन्हात टाकलं होतं. विचारलं तर म्हणे कसर लागू नये म्हणून.

चैत्र वद्य ११

आज एकादशी. फराळानंतर काही सुचेना म्हणून खुंटीवरचा मृदंग काढला. दौलत गेल्यापासून आमचं भजन बंद आहे. गाणारा तोच होता, मी फक्त त्याच्या मागे वाजवायचो. कातडं अगदी उतरलं होतं, थाप मारली तर आवाज भिजलेला.

मांडीवर घेतला आणि सुरात आणायला बसलो. बाहेर ऊन असं पडलं होतं की अंगणातली कुऱ्हाडसुद्धा झोपल्यासारखी दिसत होती. मृदंगाचं कातडं ताणणाऱ्या चामडी पट्ट्यांखाली लाकडी गट्टे असतात. छोट्या हातोडीनं एका गट्ट्याला ठोका दिला, कान लावला, मग समोरच्या गट्ट्याला ठोका, पुन्हा कान. मग आडवे दोन. एकाच बाजूला ठोकत गेलं तर तोंड वाकडं ताणतं, अर्धं ओरडतं आणि अर्धं मुकं राहतं, हे मला मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक आहे. थोडं इकडे, थोडं तिकडे, पुन्हा फिरून थोडं. हात आपोआप चालत होते. मधमाशी गुणगुणत होती की मी, कळत नव्हतं. दौलत समोर टाळ घेऊन बसला आहे असं वाटत राहिलं. आवाज सगळीकडून सारखा यायला लागला तेव्हा मी अर्धा झोपेत होतो.

आणि एकदम उठून बसलो. मृदंग मांडीवरून गडगडत गेला.

"गोजरा! अवं, ते लोक काय म्हंत होते?"

ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "मधातून. समोरासमोर. थोडं थोडं."

मी जन्मभर हेच करत आलो आणि लोखंडापुढे आल्याबरोबर देऊळ आठवलं. स्वतःवरच इतका हसलो की गोजरा हातातलं पीठ घेऊन पाहायला आली.

चैत्र अमावास्या

अमावास्येला नवं काम करू नये म्हणतात, पण मी नवं कुठं करत होतो, जुनंच पुन्हा करत होतो.

पांढरं झालेलं तेल काढून नवं भरलं. दोन्ही अंगं चिंधीनं चकचकीत पुसली. पत्री ठेवली. हेड हळूच उतरवलं. सगळे बोल्ट आधी नुसत्या बोटांनी टेकेपर्यंत फिरवले. मग गोजराला पलीकडच्या अंगाला उभं केलं. मी मधला एक आवळला की ती त्याच्या समोरच्यावर बोट ठेवून म्हणायची, "आता हा." असे मधून निघून दोन्ही टोकांकडे गेलो. पहिल्या फेरीत पाना जरासाच ओढला, हाताला नुसता विरोध कळेपर्यंत. दुसऱ्या फेरीत आणखी थोडा. तिसऱ्या फेरीत मनगटानं, खांद्यानं नाही. पाय तर लांबच ठेवला. प्रत्येक फेरीनंतर पान्यानं बोल्टाला टिचकी मारून कान लावत होतो. गोजराला वाटलं मला ऊन लागलं.

एके ठिकाणी आवाज बद्द आला. थोडा आवळला, तो इतरांत मिसळला.

हँडल मारलं. मोटार सुरू झाली आणि सुरूच राहिली. फुस्स नाही, वाफ नाही. तेल पाहिलं, सोनेरी. मी गोजराला मोटारीत बसवून पडवीतून अंगणात आणि अंगणातून वेशीपर्यंत नेलं. पदर डोक्यावर धरून ती एवढंच म्हणाली, "कळवा लागंन."

"कोनाले?"

"फुलसिंगले. इतकी मेहनत केली त्यानं."

वैशाख शुद्ध ३

मोटार रोज सुरू करून पाहतो. पेट्रोलचा डबा वाशिमहून आला. अक्षत आलेली नाही. गोजरा म्हणते, येईल. मी म्हणतो, येऊ नको म्हणावं. मग दिवसभर रस्त्याकडे पाहतो.

वैशाख शुद्ध ११

काल जे झालं ते नीट लिहितो, नाहीतर पुढे मलाच स्वप्न वाटेल.

दशमीला उजाडताच निघालो. लग्न गोरज मुहूर्तावर होतं. गोजरा हिरवं लुगडं नेसून मागे बसली, मांडीवर कुरडयांचा डबा. मालेगावपर्यंत थंडावा होता. पुढे ऊन चढलं आणि रस्ता लांबवर पाण्यासारखा हलायला लागला. कापणी झालेली शेतं, मध्येच एखादा पिवळाधमक बहावा, आणि त्या हलत्या पाण्यावरून आम्ही चाललो होतो. मला नदीचं स्वप्न आठवलं. मागे कोणीतरी गुणगुणत होतं. या वेळी मी वळून पाहिलं. गोजरा होती. मोटार बुडाली नाही.

मी ठरवलं होतं की दारात मोटार उभी करायची, तुळसाला बसवायचं, पोचवायचं आणि परत फिरायचं. भावाशी बोलायचं नाही.

केनवडच्या वेशीवर चिंचेखाली दौलत एकटाच उभा होता. पांढरा फेटा, कपाळावर घाम, सदऱ्यावर हळदीचे हात. मी मोटार थांबवली. तो माझ्याकडे न पाहता बोनेटजवळ आला आणि डोळे मिटून ऐकत राहिला. केस पांढरे झाले आहेत त्याचे. मला ते कोणी सांगितलं नव्हतं.

"चांगली बोलून राह्यली," तो म्हणाला.

"लग्नघर सोडून इथं काहून उभा तू?"

"वऱ्हाडाची वाट पाह्यतो."

वऱ्हाड रिसोडच्या अंगानं यायचं होतं, म्हणजे गावाच्या दुसऱ्या टोकानं. पण लग्नघरात बापाचं डोकं ठिकाणावर नसतं. मग त्यानं कनवटीची पुरचुंडी सोडली, हळदीकुंकवाच्या अक्षता काढल्या आणि बोनेटवर ठेवल्या.

"मी मोटारीले अक्षत देतो," तो म्हणाला. "भांडन मानसाशी हाय. मोटारीनं यावं, अन् तिच्यासंगं जे कोनी असंन त्यायनंबी यावं."

मागून गोजरा हसली की रडली, कळलं नाही. मी खाली उतरलो. मी अक्षता वेचून टोपीत ठेवल्या.

"बंद कर इंजिन," दौलत म्हणाला. "निवू दे. नवी पत्री पह्यल्या मोठ्या तापाले बसते. निवल्यावर पुना एक बार आवळा लागते, नाईतर वाटंत पोरगी उतरवा लागंन."

"माह्या पाना ढिला हाय. चिंधी लावून..."

त्यानं सदऱ्याच्या खिशातून पाना काढला. आमचाच, पेटीतला, मुठीजवळ लाल सूत गुंडाळलेला. लग्नाच्या दिवशी नवरीचा बाप खिशात पाना घेऊन कशाला फिरत होता, हे मला अजून उमगलेलं नाही.

इंजिन निवेपर्यंत आम्ही चिंचेच्या मुळावर बसलो. चिंचेच्या पानांतून ऊन चाळून पडत होतं आणि दुरून वाजंत्रीचा आवाज येत होता, मध्येच वाऱ्यानं नाहीसा होत होता. मला पुन्हा झोपेत असल्यासारखं वाटलं. दौलतनं विचारलं, "समोरासमोर आवळले ना दादा?" मी म्हणालो, "मृदंगासारखे." तो मान खाली घालून बराच वेळ हसला.

मग बोनेटच्या एका अंगाला तो आणि दुसऱ्या अंगाला मी उभे राहिलो. मधला एक त्यानं आवळला आणि पाना माझ्या हातात दिला. समोरचा मी आवळला आणि पाना परत दिला. खरंच प्रत्येक बोल्ट थोडा थोडा आला. टोकाला पोचेपर्यंत तो गुणगुणायला लागला होता, आणि माझी बोटं पत्र्यावर ठेका धरत होती. गोजरा म्हणाली, "लग्न तिकडं हाय, भजन मंग करा."

लग्न लागलं. आज सकाळी तुळसा मोटारीत बसली. निघताना सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली आणि बसल्याबरोबर पहिला हात भोंग्याकडे नेला. "मोठेबाबा, वाजवू?" मी म्हणालो, वाजव. रडणाऱ्या बायका दचकून हसल्या. दौलत पुढे माझ्या शेजारी बसला, डोळे मिटून, इंजिन ऐकत. डोळे इंजिन ऐकण्यासाठीच मिटले होते असं मी धरून चाललो, कारण माझेही फार उघडे नव्हते.

तिला पोचवून परतताना त्याला केनवडला सोडलं. म्हणालो, "आता पेटी देऊन टाक. मोटारीपाशी राहू दे."

"नाई," तो म्हणाला. "पेटी माह्यापाशीच राह्यन. एखांदा बोल्ट ढिला झाला त निरोप धाड, मी येतो."

पाहा, अजून हट्ट गेला नाही. वाटभर मी कुरकुरत आलो. गोजरा म्हणाली, "तुमाले काईच कसं समजत नाई वो?"

वैशाख वद्य २

घर फार शांत आहे. मृदंग सुरात आहे, पण वाजवायला कारण नाही.

सकाळी मोटार सुरू केली, निवू दिली, सगळे बोल्ट तपासले. टिचकी मारून कान लावला. सगळे एका सुरात, एकही ढिला नाही. इतकं चांगलं काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं. आनंद व्हायला हवा होता.

बराच वेळ तिथंच बसलो. निंबाखाली सावली सरकत गेली. मग चिंधीचा पाना घेतला आणि मधला एक बोल्ट जरासा ढिला केला.

फुलसिंग उद्या केनवडच्या बाजाराला निघतो आहे. त्याच्याकडे निरोप दिला.